मुळशीचे सेनापती

शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ताळेबंदाबरोबर आणखी एक हिशेब द्यावा लागतो. पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन बाबतींत कंपनी कशी वागली, हे ‘सेबी’ने ठरवून दिलेल्या नमुन्यात लिहायचे असते. प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होणार याचा अभ्यास केला होता का, किती कुटुंबे विस्थापित झाली, त्यांच्या पुनर्वसनाचे काय झाले आणि स्थानिकांनी तक्रार करायची तर कोठे, असे प्रश्न त्यात आहेत. कंपनीला असे काही विचारता येते याची कायद्याला कल्पनाही नव्हती, त्या काळात पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात हेच प्रश्न विचारले गेले. विचारणाऱ्यांच्या अग्रभागी पांडुरंग महादेव बापट होते. त्यांच्या नावामागे कायमचे चिकटलेले ‘सेनापती’ हे पद त्याच लढ्याने दिले.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची, बुद्धी मात्र तल्लख. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे अभियांत्रिकी शिकण्यास गेले. पुढे धरणाच्या कामाविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस यंत्रविद्येचा विद्यार्थी होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक तिचे महत्त्व मोठे आहे. यंत्राविषयी अडाणी भीती बाळगणाऱ्यांचा हा विरोध होता, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

ब्रिटिश राजवटीतील हिंदुस्थानच्या दुर्दशेवर त्यांनी तेथे जाहीरपणे भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्ण वर्मा आणि सावरकर यांचा सहवास, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याचे शिक्षण आणि १९०८ साली मायदेशी परत, हा भाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याच वर्षी बंगालमधील अलीपूर प्रकरणात त्यांचे नाव निघाले. चार वर्षे ते भूमिगत राहिले आणि १९१२ साली इंदुरात पकडले गेले. पुरेसा पुरावा नसल्याने त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतरचे बापट निराळे दिसतात. पारनेरला परतल्यावर त्यांनी हाती झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडण्याचे व्रत सुरू केले. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील लोकांची बसवली. त्यानंतर पुण्यात वृत्तपत्रांचे काम, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे काम आणि मुंबईत झाडूकामगारांचा संप असे त्यांचे उद्योग चालू होते. सशस्त्र क्रांतीच्या गुप्त खोल्यांतून निघून ते समाजाच्या अगदी तळाच्या माणसाशी येऊन थांबले होते. मुळशीची हाक त्यांच्या कानी आली ती या टप्प्यावर.

मुंबईच्या कापडगिरण्यांना स्वस्त वीज हवी होती. दगडी कोळसा दूरवरून आणावा लागे, तो महाग पडे आणि त्याचा धूर शहरावर साचे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून, ते पाणी कोकणच्या बाजूला खाली सोडून त्यावर वीज निर्माण करावी, अशी योजना टाटा उद्योगसमूहाने आखली. लोणावळ्याजवळच्या तलावांवरील पहिला प्रकल्प १९१५ साली सुरू झाला, त्यामागून आंध्र खोऱ्यातील दुसरा प्रकल्प हाती घेतला गेला आणि तिसऱ्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली. या तिसऱ्या प्रकल्पाचे धरण मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे व्हायचे होते. बुडिताखाली येणाऱ्या गावांची संख्या पन्नासच्या आसपास आणि माणसांची सुमारे ११,००० होती. भाताच्या खाचरांसाठी नावाजलेला, मावळ्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीचा हा मुलूख.

आजच्या परिभाषेत या प्रकल्पाकडे पाहिले तर मोठी गंमत दिसते. पर्यावरणाच्या रकान्यात त्याला भरघोस गुण मिळाले असते. कोळसा नाही, धूर नाही, इंधनाचा खर्च नाही. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे पाणी पश्चिमेकडे वळवले जाणार होते, ही बाब त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. दुष्काळाच्या वर्षी तिची आठवण अजूनही निघते. खोऱ्याचे पाणी खोऱ्याबाहेर नेणे म्हणजे काय, हे म्हादईचा वाद अनुभवणाऱ्या गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. सामाजिक रकाना मात्र पूर्ण कोरा होता. जमिनी मिळण्यापूर्वीच कंपनीची माणसे शेतांत शिरली आणि पूर्वसूचना न देता चाचणीचे चर खणू लागली. आपल्या शेतात हे काय चालले आहे, असे विचारण्यापासून मुळशीच्या प्रतिकाराला आरंभ झाला.

कायदा कंपनीच्या बाजूला होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजनाबरोबरच खासगी कंपनीसाठीही सक्तीने जमीन घेण्याची तरतूद होती. मोबदला म्हणजे बाजारभाव आणि सक्तीच्या संपादनाबद्दल त्यावर १५ टक्के. रक्कम कमी वाटली तर न्यायालयात दाद मागता येई. परंतु मुळात जमीन द्यायचीच नाही, असे म्हणण्याला त्या कायद्यात जागा नव्हती. संपादनाविरुद्ध हरकत नोंदवण्याचा आणि ती ऐकली जाण्याचा अधिकार देणारे कलम १९२३ साली, दुरुस्तीने आले. तोवर मुळशीचा निकाल जवळजवळ लागून गेला होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारे १,२०० स्त्री-पुरुष आणि मुले धरणाच्या जागी जाऊन बसली. एकतर जमीन, नाहीतर प्राण, असा त्यांचा निर्धार होता. काम थांबले. बापटांबरोबर विनायकराव भुस्कुटे आणि पुण्यातील अनेक कार्यकर्ते होते. बापट स्वतः लढ्यासाठी गाणी रचत आणि गावोगाव फिरत. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात या प्रश्नावर लिहिले. टाटांच्या थोर घराण्याने आपल्या कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशीच बोलून त्यांना पटवावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. कायद्याने मिळालेली परवानगी आणि लोकांनी दिलेली परवानगी या दोन भिन्न वस्तू आहेत, हा भेद उद्योगजगताला पुढे बरीच किंमत मोजून कळला. गांधीजींनी तो एका वाक्यात मांडला होता. कंपनीने काही काळ काम स्थगित केले, पण योजना सोडली नाही.

खरी कसोटी त्या स्थगितीनंतर लागली. खोऱ्यातील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची व खातेदारांची होती आणि कसणारी कुळे होती मावळ्यांची. चांगला मोबदला मिळत असेल तर जमीन सोडण्यास पहिल्या वर्गाची तयारी होती. त्यांचे घर पुण्यात होते, बुडणार होते ते दुसऱ्यांचे. कुळाला पैशाच्या रूपाने जे मिळे ते तुटपुंजे, आणि त्यातले कर्जात वळते व्हायचे ते निराळेच. लढा मोबदल्यासाठी आहे की जमिनीसाठी, हा प्रश्न पुण्याच्या नेत्यांमध्ये उभा राहिला आणि अनेकांचा उत्साह ओसरला. बापट कुळांच्या बाजूला राहिले. त्यांच्या सबंध आयुष्यातला बहुधा हा सर्वांत निर्णायक पक्ष होता. तोच त्यांना एकटे पाडणाराही ठरला.

१९२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झालेल्या सत्याग्रहात शेकडो लोक तुरुंगात गेले. बापटांनाही पुन्हा पुन्हा अटक झाली. इकडे लोक तुरुंगात, तिकडे धरणाची भिंत वर चढत होती. मोबदला स्वीकारणाऱ्यांची संख्या वाढली आणि चळवळ मोडत गेली. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली. हाती तलवार आणि पिस्तूल होते. गाडीतील काही जण जखमी झाले. या कृत्याला सत्याग्रह म्हणता येणार नाही, आणि ते गांधीजींना मान्य होणे शक्य नव्हते. जखमी झालेली माणसे कंपनीचे भागधारक नव्हती, कामावरची माणसे होती. बापटांच्या चरित्रकारांनी या प्रसंगाला वीरश्रीचा रंग दिला असला तरी ती हताश झालेल्या माणसाची कृती होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले, तेव्हा मुळशीची गावे पाण्याखाली जाऊन काही वर्षे लोटली होती. धरणाच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजकेंद्र १९२७ पासून मुंबईला वीज पुरवत होते.

गाव पाण्याखाली जाणे म्हणजे काय, याची गोव्याला कल्पना आहे. साळावली धरणाने सांगे तालुक्यातील कुर्डी गाव बुडवले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील भिंती आणि देवळाची जागा उघडी पडते आणि जुने रहिवासी तेथे जमतात. कुर्डीच्या लोकांना पर्यायी जमीन देऊन दुसरीकडे वसवण्यात आले. त्या पुनर्वसनाविषयी तक्रारी असतील, पण पुनर्वसन नावाची सरकारी जबाबदारी तोवर अस्तित्वात आली होती. मुळशीच्या वेळी ती संकल्पनाच नव्हती.

१८९४ चा कायदा स्वतंत्र भारतातही सहा दशकांहून अधिक काळ चालला. त्याची जागा घेणारा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती, त्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि मोबदल्याच्या शंभर टक्के इतकी दिलासा रक्कम, या तरतुदी त्यात आल्या. कूळ, खंडकरी, शेतमजूर यांनाही बाधित म्हणून मान्यता मिळाली आणि पुनर्वसनाचा हक्क मिळाला. पण संमतीची टक्केवारी मोजताना मुख्यतः जमिनीची मालकी असलेली कुटुंबेच मोजली जातात. म्हणजे मुळशीत जे कूळ आणि खातेदार यांच्यात घडले, त्याचा निम्मा भाग कायद्याने दुरुस्त केला आणि निम्मा तसाच राहिला. सामाजिक जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या कंपनीने खातेदारांच्या सह्या मिळाल्या म्हणून निर्धास्त होऊ नये, ते याच कारणाने. काम अडवायला येतात ती बहुधा सह्यांच्या कागदावर नाव नसलेली माणसे.

उद्योगाच्या बाजूनेही या जोखमीचे मोल गोव्याने पाहिले आहे. लोकांच्या विरोधामुळे नव्वदच्या दशकात केरीचा नायलॉन प्रकल्प गेला. २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, तेव्हा ट्रकमालकापासून बार्जवाल्यापर्यंत सगळ्यांची घरे हादरली. कारभारातील कसूर एकाची आणि चूल विझते दुसऱ्याची, हे येथेही घडले. सामाजिक जोखीम हा केवळ अहवालातला रकाना असता तर त्याची एवढी झळ पोहोचली नसती.

तुरुंगातून आलेल्या बापटांना महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले, पण फार काळ मोकळे राहणे त्यांच्या नशिबी नव्हते. एका भाषणाबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि ते १९३७ साली सुटले. पुढे ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. राजकारणाच्या या धामधुमीत अरविंद घोषांच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. पदाचा मोह त्यांना कधी नव्हता आणि स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या आसपासही ते फिरकले नाहीत.

त्यांचे गोव्याशी नाते जडले ते उतारवयात. १८ मे १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली. तिचे नेतृत्व नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याकडे होते. बापट तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना बेदम मारहाण केली. गोरे यांच्या वाट्याला पुढे मोठी शिक्षा आणि आग्वादचा तुरुंग आला, तर वृद्ध बापटांना परत पाठवण्यात आले. त्यानंतर ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उतरले.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईत आणि पुण्यात एकेका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. दोन्ही रस्त्यांवर आता कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. भिऱ्याचे वीजकेंद्र अजून चालू आहे.