चिरूट वळणाऱ्यांची वर्गणी

फ्लोरिडातल्या टँपा गावचा चिरुटांचा कारखाना, साल १८९१. लांबच लांब बाकांवर बसून माणसे तंबाखूची पाने वळताहेत आणि उंच चौथऱ्यावर बसलेला एकजण त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवतो आहे. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या खिशातून देत. यातले बहुतेक क्यूबाचे. स्पेनच्या राजवटीला कंटाळून घर सोडलेले. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून त्यांच्याकडे एक किरकोळ अंगाचा, काळ्या कोटातला, अडतीस वर्षांचा कवी भाषणासाठी आला. त्याचे नाव होसे मार्ती.

मार्तीचा बाप स्पेनमधून आलेला सैनिक. पोराला मात्र सतराव्या वर्षी स्पेनच्याच सरकारने पायात बेडी ठोकून हवानाच्या चुनखडीच्या खाणीत दगड फोडायला पाठवले. एका पत्रात त्याने स्पेनच्या फौजेत गेलेल्या वर्गमित्राला दोष दिला होता, एवढाच गुन्हा. पुढे त्या बेडीच्या लोखंडाची अंगठी आईने त्याला करून दिली. १८७१ मध्ये हद्दपारी, १८७८ मध्ये परत, वर्षभरात पुन्हा हद्दपारी. १८८० नंतरचा बहुतेक काळ न्यूयॉर्कमध्ये गेला. दक्षिण अमेरिकेतल्या वृत्तपत्रांसाठी लेख, भाषांतरे, उरुग्वेची वकिलात, अशावर गुजराण चाले. संसाराचे मात्र हाल झाले. १८९१ मध्ये बायको त्याला न सांगता स्पेनच्या वकिलातीची मदत घेऊन मुलासह मायदेशी निघून गेली.

मला त्याच्या आयुष्यातले १८८४ साल फार महत्त्वाचे वाटते. माक्सिमो गोमेस आणि आंतोनिओ मासेओ हे नामांकित सेनानी नव्या युद्धाची जुळवाजुळव करत होते. मार्ती त्यांच्यातून बाहेर पडला. देश एका सरदाराच्या हातून सुटून दुसऱ्याच्या मुठीत जाणार असेल तर ते त्याला नको होते. कित्येक वर्षे तो बाजूला राहिला, लोकांचे टोमणे खात.

जानेवारी १८९२ मध्ये तर एन्रिके कोयासो या जुन्या लढवय्याने जाहीर पत्रच छापले. युद्धात एक दिवसही न उतरलेला हा माणूस गरीब निर्वासितांचे पैसे गोळा करतो, असा आरोप. झोंबणारा, कारण त्यातली पहिली गोष्ट खरी होती.

मार्तीने उत्तर दिले, पण खरे उत्तर म्हणजे एप्रिल १८९२ मध्ये उभा राहिलेला क्यूबन क्रांतिकारी पक्ष. प्रमुखाला अध्यक्ष न म्हणता प्रतिनिधी म्हणायचे आणि दरवर्षी त्याला निवडून यावे लागायचे. टँपा आणि की वेस्टचे कामगार मजुरीतला वाटा वर्गणी म्हणून देत. उभा जन्म बँकेत काढलेल्या मला इथे थांबावेसे वाटते. परक्या गावात पोट भरणारा माणूस मजुरीतून पैसे काढून देतो, तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्कही तो मिळवतो. मार्तीला हे पुरते ठाऊक होते. त्याच वर्षी तो सांतो दोमिंगोत जाऊन गोमेसला भेटला आणि जुना राग गिळून सेनापतिपद त्याच्या हाती दिले. मात्र पक्षाची सूत्रे मुलकीच राहिली.

जानेवारी १८९५ मध्ये घात झाला. फर्नांडिना बंदरात शस्त्रे नेण्यासाठी ठरवलेली तीन जहाजे फितुरीमुळे अमेरिकी सरकारने अडवली. कामगारांची वर्गणी बुडाली. गंमत अशी, की एवढी मोठी तयारी या कवीने गुपचूप केली होती हे पाहून निर्वासित थक्क झाले आणि त्यांचा विश्वास उलट वाढला. महिनाअखेर उठावाचा हुकूम निघाला. त्यावर मार्तीच्या सहीबरोबर एक सही एन्रिके कोयासोची होती.

एप्रिलच्या रात्री लहानशा होडीतून मार्ती आणि गोमेस क्यूबाच्या किनाऱ्याला लागले. गोमेसने मागे राहा असे बजावूनही १९ मे १८९५ रोजी दोस रिओसला मार्ती घोड्यावरून पुढे गेला आणि गोळ्या लागून पडला. वय बेचाळीस. कोयासोचा तो जुना टोमणा त्या क्षणी त्याच्या मनात होता का, कोण जाणे.

१८९८ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. १९०२ मध्ये पक्षातला त्याचा वारस तोमास एस्त्रादा पाल्मा, तोही अमेरिकेत वर्षानुवर्षे राहिलेला, क्यूबाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पण राज्यघटनेत हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेने आधीच लिहून घेतला होता. मार्तीला ज्याची धास्ती होती तेच झाले. १९५९ च्या क्रांतीनंतर पुन्हा लोक फ्लोरिडाला निघाले. हवानाच्या विमानतळाला मार्तीचे नाव आहे आणि १९८५ मध्ये कास्त्रोच्या विरोधात अमेरिकेने क्यूबासाठी सुरू केलेल्या रेडिओलाही त्याचेच.