मृगयाप्रेमी शाहू छत्रपती

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले की आपल्यापुढे वसतिगृहे उभी राहतात, राधानगरीचे धरण उभे राहते, खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहते. पन्नास टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम तर शाळकरी पोरालाही पाठ असतो. जयंतीच्या भाषणांतून हे सारे आपण दरवर्षी ऐकतो आणि ते ऐकावे असेच आहे. पण महाराजांच्या आयुष्याचा फार मोठा भाग रानात गेला, ही गोष्ट भाषणांत सहसा निघत नाही. महाराज जातिवंत शिकारी होते. या लेखात त्यांचे चरित्र मी त्या रानाच्या वाटेने सांगणार आहे.

तसे करण्याला कारण आहे. मी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे पणजोबा संस्थानी काळात शिकारीच्या हाक्याला जात, असे आज्जी सांगते. त्यामुळे शिकार म्हटले की इतरांच्या डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला राजा येत असेल, माझ्या डोळ्यांपुढे मात्र आधी डबा वाजवीत झाडीत शिरणारा माणूस येतो. शिकारीत जीव कुणाकुणाचा पणाला लागतो, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे यांच्या घराण्यात झाला. मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. पुढे राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि त्यानंतर धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धारवाडला फ्रेझर हे त्यांचे गुरू होते. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांना वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. म्हणजे आज आपण द्वितीय वर्षाच्या वर्गात ज्या वयात बसतो, त्या वयात त्यांच्या खांद्यावर एक संस्थान आले.

महाराजांचा देह धिप्पाड, पैलवानी. तालीम, घोडा आणि रान या त्यांच्या तीन आवडी. त्यांची शिकार एका प्रकारची नव्हती. घोड्यावर बसून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा त्यांचा आवडता मर्दानी खेळ. दाजीपूर-राधानगरीच्या दाट जंगलात हाका घालून मोठ्या जनावरांची शिकार होई. आणि तिसरी चित्त्याकरवी हरणाची शिकार. कोल्हापूर या शिकारीसाठी हिंदुस्थानभर प्रसिद्ध होते. आपल्याकडचे चित्ते दुर्मिळ होत गेले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले, आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळातही ही परंपरा चालू राहिली. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवरून माळावर नेत. काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. चित्ता थोडे अंतर वाऱ्यासारखा पळतो, दमही लवकर तुटतो. शिकार साधली की त्याचा राखणदार धावत जाऊन त्याला त्याचा वाटा देई आणि पुन्हा टोपी चढवी. जंगली जनावराच्या तोंडापुढून त्याचे भक्ष्य काढून घेणारा हा माणूस किती काळजाचा असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

शिकार हा बेभान होण्याचा खेळ आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो शिस्तीचा खेळ आहे. हाक्याच्या शिकारीत हाकारे एका बाजूने ढोल, डबे वाजवीत, आरोळ्या देत जनावर उठवतात आणि दुसऱ्या बाजूला मचाणावर बंदूकवाले बसतात. येथे पहिला नियम असा की, हाकाऱ्यांची रांग ज्या दिशेला आहे त्या दिशेने बार काढायचा नाही. जनावर दोन रांगांच्या मधे आले तर त्याला जाऊ द्यायचे, कारण गोळी झाडीत थांबत नाही. दुसरा नियम, हाका पुरा होऊन इशारा मिळेपर्यंत मचाण सोडायचे नाही. तिसरा, जनावर पडले असे वाटले तरी एकदम जवळ जायचे नाही. जखमी गवा किंवा जखमी वाघ हा धडधाकट जनावरापेक्षा कितीतरी धोक्याचा. चालताना बंदूक भरलेली ठेवू नये, वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर वाट बदलावी, या गोष्टी तर रानात वावरणारे लहान पोरही सांगेल. डुकराच्या शिकारीचे नियम आणखी कडक. भरधाव घोड्यावरून भाला चालवायचा असतो. दुसऱ्या स्वाराच्या वाटेत आडवे जायचे नाही, भाल्याचे टोक सोबत्याच्या घोड्याकडे वळू द्यायचे नाही. आणि डुक्कर तर पळता पळता अचानक वळते. तो वळला की घोडा वळतो, आणि खाली जमीन बीळाची आहे की बांधाची, हे पाहायला वेळ नसतो.

शिकारीला आणखी एक मर्यादा असे, ती म्हणजे हद्दीची. आजचा नकाशा बाजूला ठेवून त्या वेळचा नकाशा पाहिला पाहिजे. रायबाग, कटकोळ हे आज कर्नाटकात असलेले मुलूख तेव्हा कोल्हापूर संस्थानात होते. मधेमधे सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी पटवर्धनी संस्थाने आणि खालसा मुलूख. दाजीपूरच्या कड्याखाली कोकण, दक्षिणेला सावंतवाडीचे संस्थान, आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा, म्हणजे परके राज्यच. ती सरहद्द डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. एका राजाचे रान संपले की दुसऱ्याचा अंमल सुरू होई. जनावराला हद्द कळत नाही, माणसाला मात्र ती पाळावी लागते. बंदूकधारी माणूस परक्या हद्दीत शिरला तर तो शिकारी आहे की आणखी कुणी, हे समोरच्याला कसे कळावे?

महाराजांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिकारीच्या मुक्कामी राजवाड्याचे सोवळे गळून पडे. रानात वाट दाखवणारा, माग काढणारा, पाणी देणारा जो कोणी असेल तो सोबती. १८९९ नंतरच्या वेदोक्त प्रकरणात ज्यांनी स्वतः अपमान सोसला होता, त्यांना जातीच्या पायरीची किंमत चांगली कळली होती. फासेपारधी समाजाची ओळख त्यांनी अशीच जवळून करून घेतली. सरकारी दप्तराच्या लेखी हे लोक चोर. महाराजांनी त्यांच्यातले रानाचे ज्ञान पाहिले, त्यांना नोकऱ्या दिल्या, राहायला जागा दिली, धरणाच्या कामावर घेतले. ज्यांच्यापासून लोक स्वतःला सांभाळीत, त्यांच्यावरच राजाने राखणीचे काम सोपवले. ही गोष्ट मला कोणत्याही शिकारीपेक्षा मोठी वाटते.

राधानगरीचे धरणही याच रानातले. शिकारीच्या निमित्ताने पायाखाली घातलेल्या या मुलखात भोगावती अडवण्याचा बेत झाला. १९०८ च्या सुमारास आपल्या कन्येच्या, राधाबाई आक्कासाहेबांच्या नावाने गाव वसले आणि पाठोपाठ धरणाचे काम सुरू झाले. ते महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही; स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आपोआप उघडणाऱ्या त्याच्या सात दरवाजांची बातमी आजही पावसाळ्यात कोल्हापूरकर कान टवकारून ऐकतात.

आता मी ज्या दिवसाकडे येत आहे त्याविषयी लिहिणे अवघड आहे. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे वडिलांसारखेच घोड्याचे आणि शिकारीचे शौकीन. जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतींशी त्यांचा विवाह झाला होता. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या पाठलागात ते घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणीस. घोडा घरचा, माणसे घरची, शिकवणारा बाप स्वतः निष्णात. तरीही जे व्हायचे ते झाले. रानात नियम पाळले तर धोका कमी होतो. तो नाहीसा होत नाही. संस्थानातल्या सर्वांत जपलेल्या मुलालाही रानाने सूट दिली नाही, मग बिनशस्त्र झाडीत शिरणाऱ्या हाकाऱ्यांचे काय होत असेल? राजपुत्राच्या मृत्यूची तारीख इतिहासात राहिली. हाकाऱ्यांच्या जखमा कुणी लिहून ठेवल्या नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण हिशेब पुरा व्हावा म्हणून लिहिते.

महाराज या दुःखाने आतून मोडले. पण त्यांच्या घरात आता एक अकरा वर्षांची विधवा मुलगी होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्या वाट्याला काय आले असते, हे आपल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारावे. १९१७ साली महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. तो कायदा राजवाड्यात वापरला गेला नाही, इंदुमतींचा पुनर्विवाह झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र महाराजांनी सुनेला कोपऱ्यात बसवले नाही. राजवाड्यातला विरोध पत्करून त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीच्या कँपवर केली. तिच्याबरोबर शिकायला इतर मुली आणल्या. तिने घोड्यावर बसावे, मोटार चालवावी, पुढे डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्या घोड्याने मुलगा नेला त्या घोड्यावर सुनेने बसायला शिकावे, असे वाटणाऱ्या सासऱ्याचे मन केवढे असेल! डॉक्टर होणे इंदुमतींच्या नशिबी नव्हते. पण त्या मॅट्रिक झाल्या आणि पुढे कोल्हापुरात त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी ललितविहार ही संस्था काढली. माझ्या आज्जीचे लग्न तेराव्या वर्षी झाले. मी आज एकोणिसाव्या वर्षी इतिहासाचा तास करते. या दोन गोष्टींच्या मधे जी वाट आहे तिच्यावर सोनतळीचा तो अभ्यासही आहे, असे मी मानते.

त्याच १९१८ साली महाराजांनी महार वतने बंद करण्याचे पाऊल उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीतून माणसे मोकळी करण्याचा मार्ग धरला. ज्या जमातींना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे त्यांची हजेरी त्यांनी बंद केली. १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व त्यांनी जाहीरपणे गौरवले. पुत्रशोकातून हे कायदे निघाले असे मी म्हणणार नाही; त्यांची तयारी आधीच चालू होती. पण शोकाने हात थांबले नाहीत, एवढे मात्र खरे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्यानंतर रानाचे नशीब पालटले. १९५२ साली हिंदुस्थानातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो पुन्हा दिसला तो २०२२ साली, मध्य प्रदेशातील कुनोला, तोही आफ्रिकेतून आणलेला. दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९८५ साली ते वाढवले गेले आणि आज ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचे नाव आले. राजांनी शिकारीसाठी राखले म्हणून हे जंगल कुऱ्हाडीतून वाचले, हाही इतिहासाचा एक उलटा न्यायच.

आता गवे आमच्या उसात येतात आणि अलीकडे तर कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत पोचले आहेत. बंदूक गेली, पण जुने नियम उपयोगाचे राहिले आहेत. जनावर दिसले की गर्दी करू नये, त्याची वाट अडवू नये, दगड मारू नये, जखमी जनावराजवळ जाऊ नये. आमच्या वाडीत हे सांगायला शिकारी लागत नाही. मोबाईलवर फोटो काढायला धावणाऱ्या शहरातल्या पोरांना मात्र कुणीतरी सांगायला हवे.

महाराजांच्या पुतळ्याला हार घालताना आपण समाजसुधारकाला हार घालतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर रानात माणसे ओळखायला शिकलेला शिकारी आणि त्याच रानात मुलगा गमावलेला बापही आठवावा. राजा मोठा का झाला, हे त्यामुळे अधिक चांगले कळेल.