डिग्री नसलेले गाइड : डॉ. सालिम अली

आमच्या जाफराबादहून भोकरदन-सिल्लोड करत एस.टी. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पोहोचते. तिथे दिल्ली गेटजवळ एक तलाव आहे. त्याचं नाव सालिम अली सरोवर. आमच्या गावाच्या नावात जसा एक जाफर आहे, तसा हाही कुणी जुना सरदार असेल, असंच मी कितीतरी दिवस समजत होतो. नंतर कळलं की हा माणूस सरदारबिरदार काही नव्हता. तो आयुष्यभर पक्षी बघत हिंडला, आणि नुसतं पक्षी बघणं हा एम.एस्सी., पीएच.डी.चा विषय होऊ शकतो हे त्याने आपल्या विद्यापीठाला पटवून दिलं. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःजवळ साधी बी.एस्सी.सुद्धा नव्हती!

सालिम मोइझुद्दीन अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. मामा शिकारी होते. त्यांच्यामुळे भाच्याच्या हातात एअरगन आली. दहाएक वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली जात, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था, तेव्हा बहुतेक साहेबलोकांची. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या पोराला दाखवले. पुढचं सगळं त्या एका दुपारपासून सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

अभ्यासात मात्र गाडी रुळावर नव्हती. सतत डोकं दुखायचं म्हणून शाळा मधेच सुटली, हवापालटासाठी सिंधला पाठवलं. 1913 साली कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी गणिताने, त्यातही लॉगरिदमने, असा घाम फोडला की कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात गेले. (एम-1, एम-2 च्या केटी वाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) तवॉयला घरच्यांच्या वुल्फ्रामच्या, म्हणजे बल्बच्या तारेत जातो त्या टंगस्टनच्या खाणी होत्या, लाकडाचा धंदा होता. धंदा राहिला बाजूला, हे तिथल्या जंगलात पक्षी शोधत फिरायचे. 1917 मध्ये मुंबईला परतले आणि दावर कॉलेजात व्यापारी कायदा नि हिशेब शिकू लागले. झेवियर्सचे फादर ब्लॅटर हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. या मुलाचा जीव कशात आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला प्राणिशास्त्राकडे ओढलं. मग सकाळी दावरमध्ये हिशेब, नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. कोर्स पूर्ण झाला, पण विद्यापीठाची डिग्री काही हाती आली नाही.

ही गोष्ट पुढे नडलीच. 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं, ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, नोकरी शोधणं भाग पडलं. सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती. डिग्री नाही म्हणून ती मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. शाळेच्या पोरांना कपाटातले पक्षी दाखवायचे! दोन वर्षांत कंटाळले आणि रजा काढून बर्लिनला गेले. तिथे प्रा. श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली खऱ्या अर्थाने शिकले. नमुना कसा मोजायचा, जाती-उपजाती कशा लावायच्या, पायात वाळं घालून पक्ष्याचा प्रवास कसा शोधायचा. 1930 मध्ये परत येतात तो काय, पैसे नाहीत म्हणून म्युझियमने जागाच रद्द केलेली.

खर्च परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळच वेळ. ते लपून बसत आणि दिवसच्या दिवस त्यांची घरटी पाहत. मराठीत आपण सुगरण म्हणून सगळं श्रेय मादीला देऊन मोकळे होतो, पण बांधकाम करतो नर. तो घरटं निम्मंच विणतो, टोपीसारखं. मग माद्या साइटवर इन्स्पेक्शनला येतात. एखादीला पसंत पडलं तर ती मुक्काम करते, मग नर उरलेलं काम आणि प्रवेशाची लांब नळी पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारी दुसरं घर बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. आमच्याकडे विहिरीवरच्या बाभळींना अशी अर्धी घरटी पुष्कळ दिसतात. ती वाऱ्याने फाटली असावीत असं मला वाटायचं. ती नापास झालेली असतात हे सालिम अलींमुळे कळलं. हा शोधनिबंध 1931 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि त्यांचं नाव झालं. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्यापेक्षा जिवंत पक्षी बघण्यात जास्त शास्त्र असू शकतं, हे इथे दिसलं. अर्थात कातडी त्यांनीही हजारोंनी जमवल्या, बंदूक चालवून. तो काळच तसा होता.

मग त्यांनी एक डोकं लढवलं. संस्थानांना सांगितलं की तुमच्या राज्यातले पक्षी मी फुकट मोजून देतो, तुम्ही फक्त प्रवासाचा आणि तंबूचा खर्च करा. सुरुवात झाली निजामाच्या हैदराबाद राज्यापासून, 1931-32 साली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. जाफराबाद निजामाच्या हद्दीत, आणि थोडं पलीकडे चिखलीकडे गेलं की इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. या पाहणीचे अहवाल पुढे जर्नलमध्ये क्रमाने आले. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर. तेहमिना छावणीत बरोबर असायच्या. 1939 मध्ये एका किरकोळ ऑपरेशननंतर त्या गेल्या. सालिम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही.

1941 साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं सचित्र पुस्तक आलं, आजही ते खपतं. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नेहरूंना लिहून मदत मिळवली. आणि 1957 मध्ये मुंबई विद्यापीठाने सोसायटीला क्षेत्रीय पक्षिशास्त्रात संशोधनाने एम.एस्सी. आणि पीएच.डी. करण्यासाठी मान्यता दिली. ज्याला डिग्रीपायी दारातून परत पाठवलं, तो साठी ओलांडल्यावर डिग्रीचा गाइड झाला! त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत विजयकुमार आंबेडकर होते. त्यांनी विषय घेतला सुगरणींचाच.

पद्मभूषण, पद्मविभूषण, डॉक्टरेट, सगळं मिळालं. 1975 च्या गेटी पुरस्काराचे पैसे त्यांनी सोसायटीच्या कामाला दिले. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव अभयारण्य वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा. 1982 मध्ये तिथे गुरांच्या चराईवर बंदी आली, आणि त्या बंदीच्या बाजूने त्यांचंही वजन होतं. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. सोसायटीच्याच संशोधकांचा तिथे सुमारे दहा वर्षं अभ्यास चालला होता. त्यातून निघालं भलतंच. म्हशी गवत खायच्या म्हणून पाणी मोकळं राहायचं. चराई थांबली तसं गवताने उथळ पाणी भरून गेलं आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. म्हणजे गुरुजी चुकले, आणि ते दाखवलं त्यांनीच घडवलेल्या संस्थेने. मला तर हा त्यांच्या कामाचा सगळ्यात भारी भाग वाटतो. आपण पर्यावरणाचा पेपर आदल्या रात्री गाइड वाचून काढतो. तिथे एका गवताचं उत्तर मिळायला दहा पावसाळे लागले.

तो अहवाल बघायला ते नव्हते. 20 जून 1987 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याआधी 1982 मध्येच डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था निघाली होती, तिथे वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करता येते. 1990 साली कोईमतूरला खास पक्ष्यांसाठी संशोधन केंद्र झालं, त्याला सालिम अलींचंच नाव दिलं. तिथे पीएच.डी. करायची तर आधी एम.एस्सी. मात्र लागते!