डॉ. मॉड ॲबट

पालकहो, मुलीला डॉक्टर करावे की नाही या विचारात असाल तर कॅनडातील मॉड ॲबट (१८६९–१९४०) यांची हकिकत ऐका. आजीने वाढविलेली ही मुलगी मॅकगिल विद्यापीठाची पदवीधर. पण केवळ स्त्री म्हणून तेथील वैद्यकीच्या वर्गात तिला घेतले नाही. १८९४ साली ती बिशप्स कॉलेजातून डॉक्टर झाली. पुढे मॅकगिलच्याच वैद्यकीय संग्रहालयात बाईंनी बरण्यांतील हृदये वर्षानुवर्षे तपासली. १९१० मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एम.डी. दिली! हृदयातून निघणारी महाधमनी कमानीसारखी वळते. काही बालकांत जन्मतःच ती कमानीपुढे अरुंद असते. पायांकडे रक्त कमी जाते. अशा २०० नोंदींचा अभ्यास बाईंनी १९२८ मध्ये छापला, १९३६ मध्ये हजार रुग्णांवरचा ॲटलस. या दोषावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया स्टॉकहोममध्ये १९४४ साली झाली, बाईंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.