जॉन ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म : २३ जानेवारी १८५५, ऑग्डेन, युटा, अमेरिका, मृत्यू : २६ नोव्हेंबर १९२६, लीज, बेल्जियम) हे अमेरिकन शस्त्ररचनाकार होते. त्यांच्या नावावर १२८ एकस्वे (पेटंट) आहेत. रायफल, छर्ऱ्याची बंदूक, मशीनगन आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल या चारही प्रकारांत त्यांनी केलेल्या रचना दीर्घकाळ वापरात राहिल्या. नळीवर बसून मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, म्हणजेच स्लाइड, ही त्यांची कल्पना आजच्या बहुतेक पिस्तुलांचा पाया आहे. नाशिकच्या जॅक्सन वधामुळे 'ब्राउनिंग' हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही नोंदले गेले.

सुरुवातीचे जीवन

ब्राउनिंग यांचे वडील जोनाथन हे बंदुका घडवणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर ते पश्चिमेकडे आले आणि १८५२ मध्ये युटामध्ये स्थायिक झाले. त्यांचे कुटुंब मोठे होते. तीन विवाहांतून त्यांना २२ अपत्ये झाली. ऑग्डेन येथील त्यांच्या दुकानात शेजारपाजारचे शेतकरी आणि शिकारी मोडक्या बंदुका घेऊन येत. जॉन यांचे खरे शिक्षण याच दुकानात झाले. बंदूक उघडायची, तिचा प्रत्येक भाग पुसून मांडायचा, झिजलेला भाग ओळखायचा आणि त्याच्या जागी नवा घडवायचा, हे काम ते लहान वयातच शिकले. वयाच्या दहाव्या वर्षी दुकानातील भंगारातून त्यांनी चालू स्थितीतील बंदूक बनवली, असे कुटुंबाच्या आठवणींत सांगितले जाते.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. एप्रिल महिन्यात त्यांचा रेचेल टेरेसा चाइल्ड यांच्याशी विवाह झाला, त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी त्यांच्या एकबारी रायफलीला पहिले एकस्व मिळाले. भावांच्या मदतीने त्यांनी ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना सुरू केला.

विंचेस्टर कंपनीशी संबंध

या रायफलीची ख्याती विंचेस्टर कंपनीपर्यंत पोहोचली. १८८३ मध्ये कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट ऑग्डेनला आले आणि त्यांनी ८,००० डॉलरला रायफलीचे हक्क विकत घेतले. पुढील सुमारे एकोणीस वर्षे ब्राउनिंग नवी रचना करीत आणि विंचेस्टर ती एकरकमी किंमत देऊन विकत घेई. १८८६, १८९२ व १८९४ च्या रायफली आणि १८९७ ची छर्ऱ्याची बंदूक ही त्यांपैकी प्रसिद्ध शस्त्रे होत. कंपनीने घेतलेल्या अनेक रचना मात्र कधीच बाजारात आल्या नाहीत. त्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून विकत घेतल्या गेल्या होत्या.

ब्राउनिंग यांची कामाची पद्धत कारागिराची होती. सविस्तर आराखडे काढण्यापेक्षा ते पत्र्याचे वा पोलादाचे तुकडे कापून भाग एकमेकांत कसे बसतात ते पाहत. नमुना तयार करण्याच्या कामी त्यांचे बंधू एड यांची त्यांना मोठी मदत होई.

१८८९ च्या सुमारास, गोळी सुटताना नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत वाकते, याकडे त्यांचे लक्ष गेले. वाया जाणाऱ्या या शक्तीनेच पुढचे काडतूस भरता येईल, हे त्यांनी ओळखले. यातून कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन तयार झाली. १९०२ मध्ये त्यांनी स्वयंभारित छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक नगामागे स्वामित्वधन मागितले. विंचेस्टरने ते नाकारल्यावर हा दीर्घ संबंध संपला आणि ती बंदूक त्यांनी बेल्जियमच्या फाब्रिक नासिओनाल (एफएन) या कंपनीकडे नेली.

अर्धस्वयंचलित पिस्तूल

एफएनशी त्यांचा पहिला करार १८९७ मध्येच झाला होता. त्याच वर्षी २० एप्रिल रोजी त्यांना पिस्तुलाच्या रचनांची चार एकस्वे अमेरिकेत मिळाली. अमेरिकेत कोल्ट आणि युरोपात एफएन अशी उत्पादनाची विभागणी झाली. १९०० साली एफएनचे ७.६५ मिलिमीटर व्यासाचे पिस्तूल बाजारात आले आणि त्याचे सात लाखांहून अधिक नग तयार झाले. त्याच्यासाठी तयार केलेले काडतूस भारतात आजही '.३२ बोअर' म्हणून ओळखले जाते. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हा शब्द कोणत्याही स्वयंभारित पिस्तुलासाठी वापरला जाऊ लागला.

लहान काडतुसांच्या पिस्तुलात त्यांनी स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा दाब एवढ्यावरच काम भागवले. गोळी पुढे जाताना बसणाऱ्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा ताणते आणि परत येताना नवे काडतूस नळीत ढकलते. जोरदार काडतुसांसाठी स्लाइड आणि नळी क्षणभर एकमेकींत अडकून एकत्र मागे सरकतात. दाब उतरल्यावर नळीची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होते. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या .४५ व्यासाच्या पिस्तुलात हीच योजना आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात झालेल्या चाचणीत या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडकले नाही. ते १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचे प्रमाण पिस्तूल होते.

या पिस्तुलांचा आणखी एक गुण म्हणजे ती सहज उघडता येतात. कोल्टच्या १९०३ च्या खिशातील पिस्तुलात स्लाइड ठरावीक खुणेपर्यंत मागे ओढून नळी फिरवली की स्लाइड पुढून निघून येते. १९११ चे पिस्तूलही साफसफाईसाठी वेगळ्या अवजाराविना सुटे करता येते. दुकानात दुरुस्ती करत वाढलेल्या कारागिराची दृष्टी येथे दिसते.

भारताशी संबंध

१९०९ च्या प्रारंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे भारतात पाठवली. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांनी ती चोरकप्प्याच्या पेटीतून मुंबईला आणली. ही शस्त्रे पोहोचण्यापूर्वीच बाबाराव सावरकरांना अटक झाली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर याच पिस्तुलांपैकी एकातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला आणि सावरकरांच्या जन्मठेपेच्या शिक्षेचा तो एक आधार ठरला.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे साँडर्स यांच्यावर पहिली गोळी खेडच्या (आजचे राजगुरुनगर) शिवराम हरी राजगुरू यांनी झाडली. त्या वेळी भगतसिंग यांच्या हाती .३२ व्यासाचे कोल्ट स्वयंभारित पिस्तूल होते. ही रचनाही ब्राउनिंग यांचीच होती.

जुन्या पिस्तुलांचे जतन

भगतसिंग यांचे पिस्तूल पुढे इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र संग्रहालयात पोहोचले, परंतु त्याची ओळख हरवली होती. गंज लागू नये म्हणून शस्त्रांवर काळा रंग दिला जात असे आणि त्याखाली अनुक्रमांक झाकला गेला होता. २०१६ मध्ये हा रंग काढल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला. तो खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला आणि पिस्तुलाची ओळख निश्चित झाली. नंतर ते पंजाबातील हुसैनीवाला येथे प्रदर्शनासाठी नेण्यात आले.

जुने पिस्तूल सुटे करून त्याला पुन्हा झिलई देण्याच्या कामात हाच धोका असतो. ब्राउनिंग यांच्या काळातील पिस्तुलांवरची निळसर काळी झिलई हा रंग नसून लोखंडाच्या नियंत्रित ऑक्सिडीकरणाने तयार झालेला अतिशय पातळ थर असतो. नवी झिलई देण्यापूर्वी पृष्ठभाग घासावा लागतो. त्यात कडा गोलावतात आणि कारखान्याची अक्षरे, शिक्के व अनुक्रमांक उथळ होतात. म्हणून संग्रहालयांत मूळ थर शक्य तितका राखून केवळ गंज थांबवण्यावर भर असतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यास परवाना आवश्यक आहे आणि शस्त्रावरील ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

पहिल्या महायुद्धात ब्राउनिंग यांची १९१७ ची पाण्याने थंड होणारी मशीनगन आणि १९१८ ची स्वयंचलित रायफल अमेरिकी सैन्याने स्वीकारली. सरकारने हक्कांसाठी देऊ केलेली रक्कम स्वामित्वधनाच्या हिशेबाने मिळू शकणाऱ्या पैशांपेक्षा बरीच कमी होती. तरीही युद्धकाळ लक्षात घेऊन त्यांनी ती घासाघीस न करता मान्य केली. बेल्जियमच्या राजाने त्यांना 'ऑर्डर ऑफ लिओपोल्ड' हा सन्मान दिला. त्याच बेल्जियममध्ये घडलेल्या एफएनच्या १९१० च्या पिस्तुलाने साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा बळी घेतला होता आणि महायुद्धाची ठिणगी पडली होती. त्या पिस्तुलाची रचनाही ब्राउनिंग यांनीच केली होती.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लीजजवळील एफएनच्या कारखान्यात नव्या पिस्तुलावर काम करीत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा वॅल त्या वेळी तेथेच कार्यरत होता.

वारसा

त्यांचे अपूर्ण राहिलेले पिस्तूल एफएनचे रचनाकार ड्युदोने सेव्ह यांनी पूर्ण केले आणि ते १९३५ मध्ये 'हाय पॉवर' या नावाने प्रसिद्ध झाले. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात याच रचनेवर आधारित ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतीय सैन्य व पोलिसांसाठी तयार केले जाते. .५० व्यासाची त्यांची मशीनगन त्यांच्या मृत्यूनंतर विकसित होऊन आजही अनेक देशांच्या सैन्यांत वापरात आहे. ऑग्डेन येथील जुन्या रेल्वे स्थानकात त्यांच्या नावाचे शस्त्र संग्रहालय असून तेथे त्यांनी हाताने घडवलेले मूळ नमुने पाहता येतात.