मेंदूचा नकाशा काढणारा माणूस

विजयदुर्गहून तळेरे गाठायचे आणि तिथून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर, नाही तर महामार्गाने दक्षिणेला वळून गोवा. डोक्याची मोठी तपासणी करायची म्हटली की या किनाऱ्यावरचा माणूस अनेकदा ही वाट धरतो. तपासणी होते चक्कर येते म्हणून, किंवा अर्धशिशी छळते म्हणून. अहवालात मात्र भलतेच काही निघते. मेंदूतल्या एका रोहिणीवर चार मिलिमीटरचा फुगवटा! मूळ दुखण्याशी त्याचा काही संबंध नसतो. पण त्या दिवसापासून घरातली झोप उडते.

डॉक्टर या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि अशा रुग्णांपैकी एक तृतीयांश तरी वाचत नाहीत. फुटलाच नाही तर माणूस त्याच्यासह म्हातारा होतो आणि दुसऱ्याच कारणाने जातो. मग त्याला हात लावायचा की नाही?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या तोवर कुणी पाहिल्याच नव्हत्या. त्या प्रथम दाखवल्या एगास मोनिझ या पोर्तुगीज वैद्याने. ज्या देशाचे राज्य आपल्या शेजारच्या गोव्यावर १९६१पर्यंत होते, त्या देशाचा हा नोबेलविजेता. मेंदूचा नकाशा देणारा आणि त्याच मेंदूवर घाईने सुरी चालवायला लावणारा. त्याचे चरित्र आज आठवायचे ते या दोन्ही कारणांसाठी.

खलाशाच्या घरातला मुलगा

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी उत्तर पोर्तुगालमधल्या आवांका या खेड्यात झाला. घराण्याच्या वाड्याचे नाव 'खलाशाचे घर'. मूळ आडनाव वेगळे; पण पोर्तुगालच्या इतिहासातल्या एका मध्ययुगीन वीराचे नाव घरच्यांनी मुलाला दिले आणि तेच पुढे जगभर झाले. कोइंब्रा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण, नंतर बोर्दो आणि पॅरिस येथे मज्जाविकारांचा अभ्यास आणि १९११मध्ये लिस्बनला प्राध्यापकपद, अशी त्यांची वाटचाल झाली.

एवढ्यावर त्यांचे मन भागत नव्हते. ते संसदेत निवडून गेले, राजकारणापायी तुरुंगातही गेले. पुढे स्पेनमध्ये राजदूत, १९१८मध्ये परराष्ट्रमंत्री आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत आपल्या देशाचे प्रतिनिधी झाले. राजकारणातून बाहेर पडून ते प्रयोगशाळेत रमले तेव्हा पन्नाशी आली होती. तरुणपणापासून जडलेल्या संधिवाताने बोटे वाकडी झाली होती. स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया करणे त्यांना शक्य नव्हते. त्यामुळे डोके मोनिझ यांचे आणि हात त्यांचे तरुण सहकारी अल्मेडा लिमा यांचे, अशी जोडी जमली.

सावलीतून दिसलेली झाडे

क्ष-किरणांना कवटीचे हाड दिसे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. रक्तात क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडले तर निदान रक्तवाहिन्यांची सावली उमटेल, असा मोनिझ यांचा तर्क होता. कुत्र्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग झाले. मग रुग्ण. आधी निवडलेल्या स्ट्राँशियम ब्रोमाइडने एक रुग्ण दगावला. मोनिझ थांबले, द्रव्य बदलले आणि सोडियम आयोडाइड घेतले. २८ जून १९२७ रोजी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतल्या रोहिण्यांचे स्पष्ट चित्र उमटले. गाठीने ढकललेल्या फांद्याही त्यात दिसत होत्या. दहा-बारा दिवसांत पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ते चित्र ठेवले गेले. याच तंत्राला आपण अँजिओग्राफी म्हणतो.

१९३१मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी वारंवार रक्तस्राव झालेल्या एका रुग्णाचा फुगवटा स्नायूच्या तुकड्याने लपेटला. १९३३मध्ये असा फुगवटा अँजिओग्राफीत दिसला. १९३७मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुगवट्याच्या मानेवर चांदीची चिमटी बसवली. नकाशा हाती आल्यावर शस्त्रक्रियेची वाट मोकळी होत गेली.

पण तपासणी म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. १९३१पासून मोनिझ थोरोट्रास्ट हे अधिक ठळक सावली देणारे द्रव्य वापरू लागले. त्यातले थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात साठून राही आणि कित्येक वर्षांनी कर्करोग उभा करी. चित्रे सुंदर आली. किंमत रुग्णांनी नंतर मोजली.

न ऐकलेला दुसरा सल्ला

१९३५मध्ये लंडनच्या परिषदेत वानरांच्या मेंदूच्या पुढच्या भागावरील प्रयोगांची चर्चा झाली. परतल्यावर काही महिन्यांतच, १२ नोव्हेंबर १९३५ रोजी, मोनिझ यांच्या सांगण्यावरून लिमा यांनी एका मनोरुग्णेच्या कवटीला भोके पाडून आत मद्यार्क टोचला. पुढे खास उपकरणाने मेंदूतले धागे कापण्यास सुरुवात झाली. वीस रुग्ण झाले. सात बरे, सात सुधारले, सहा जैसे थे, असा हिशेब १९३६मध्ये प्रसिद्धही झाला. या रुग्णांवरची देखरेख मात्र फार थोड्या काळाची होती.

हे रुग्ण ज्यांनी पाठवले ते लिस्बनचे मनोविकारतज्ज्ञ सोब्राल सिद यांनी निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि आणखी रुग्ण देण्यास नकार दिला. खरे तर हा घरचाच दुसरा सल्ला होता. मोनिझ यांनी तो मानला नाही. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी ही शस्त्रक्रिया आणखी सोपी, म्हणून आणखी बेफिकीर केली. हजारो माणसे शांत झाली. पण त्यांतल्या अनेकांचे स्वत्वच हरवले. १९३९मध्ये एका मनोरुग्णाने मोनिझ यांच्यावर गोळ्या झाडल्या, तरी ते बचावले. १९४९चे नोबेल त्यांना मिळाले ते अँजिओग्राफीसाठी नव्हे, याच शस्त्रक्रियेसाठी. पुढच्या पाच-सहा वर्षांत मनोविकारांवर औषधे आली आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये मोनिझ यांचे निधन झाले.

चार मिलिमीटरचा निर्णय

आता पुन्हा त्या अहवालाकडे वळू. शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगवटा असतो, बहुतेकांना तो कधी कळतही नाही. जपानमधल्या मोठ्या पाहणीत (२०१२) तीन-चार मिलिमीटरचे फुगवटे फुटण्याचे प्रमाण वर्षाला हजारी चारपेक्षाही कमी दिसले; सात ते नऊ मिलिमीटरच्या फुगवट्यांत ते वर्षाला शेकडा पावणेदोनच्या जवळ गेले. उलट २००३च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात शंभरातल्या दहा-बाराजणांना मृत्यू किंवा अपंगत्व आले होते. त्यानंतर तंत्र सुधारले, जांघेतून नळी घालून फुगवट्यात धातूची वेटोळी भरण्याची पद्धत रुळली. तरी धोका शून्यावर आलेला नाही.

म्हणून केवळ आकार पाहून भागत नाही. फुगवटा कोणत्या रोहिणीवर आहे, त्याला कोंब फुटलेत का, रुग्णाचे वय काय, रक्तदाब किती, तंबाखू-सिगारेट चालू आहे का, आई-वडील-भावंडांत कुणाला असा रक्तस्राव झाला होता का, हे सारे तोलावे लागते. दुसरा सल्ला घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. एक मत शस्त्रक्रिया करणाऱ्याचे, एक नळीने उपचार करणाऱ्याचे घ्यावे. जाताना नुसता कागद नव्हे, चित्रांची सीडी न्यावी. असे उपचार तुम्ही वर्षाला किती करता, काय निष्पन्न होते, हे विचारण्यात गैर काही नाही. थांबायचे ठरले तर पुढची तपासणी केव्हा, ते लिहून घ्यावे. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे याला तर कुणाच्याच दुसऱ्या मताची गरज नाही.

अपवाद एकच. आयुष्यात कधी झाले नाही असे भयंकर डोके क्षणात दुखू लागले, मान ताठली, शुद्ध हरपली, तर मते गोळा करीत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. एरवी, न फुटलेल्या छोट्या फुगवट्याच्या बाबतीत, बहुधा विचाराला वेळ असतो.

मोनिझ यांनी नकाशा दिला तेव्हा ते एका मृत्यूपाशी थांबले होते, द्रव्य बदलून पुढे गेले होते. मनोरुग्णांच्या बाबतीत त्यांना थांबवणारा माणूस समोर उभा असताना ते थांबले नाहीत. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन गोष्टी. त्यातली पहिली आज जगभरच्या रुग्णालयांत रोज उपयोगी पडते, दुसरीची आठवण काढताना वैद्यकाला मान खाली घालावी लागते.