ज्यांची राखसुद्धा सरकारने सोडली नाही : ॲड. ब्रॅम फिशर

आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराला पोलिसांनी उचलून नेले की आपण आधी काय शोधतो? वकील. वकील कोर्टात उभा राहिला की त्या पोराच्या आईच्या जिवात जीव येतो. पण सरकारने त्या वकिलालाच आत टाकले तर? मग गरिबाने कुणाच्या तोंडाकडे बघायचे? दक्षिण आफ्रिकेत असेच घडले. नेल्सन मंडेला आपल्या घराघरात माहीत आहेत. पण त्यांना फाशीपासून वाचवणाऱ्या वकिलाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही. म्हणून हे चार शब्द.

अब्राम ऊर्फ ब्रॅम फिशर यांचा जन्म २३ एप्रिल १९०८ रोजी ब्लूमफॉन्टेन या गावी झाला. घराणे गोऱ्या आफ्रिकानर समाजातले, अगदी वरच्या पायरीवरचे. आजोबा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान, वडील मोठे न्यायाधीश. ब्रॅम स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले. हा मुलगा उद्या न्यायाधीश किंवा पंतप्रधान होणार, असे लोक धरूनच चालले होते.

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. लहानपणी शेतावर ते काळ्या मुलांबरोबर खेळत. पुढे तरुणपणी गोऱ्या-काळ्यांच्या एका संयुक्त सभेला गेले, तेव्हा एका काळ्या माणसाशी हात मिळवायची वेळ आली. आणि त्यांचा हात पुढे होईना! मन घट्ट करून कसाबसा त्यांनी तो हात धरला. त्या रात्री ते विचार करत राहिले. लहानपणी ही किळस नव्हती, मग आज कुठून आली? उत्तर मिळाले ते असे : काळा माणूस बदललेला नाही, बदललो आहोत ते आपण. शिवाशिव ही शिवून घेणाऱ्याच्या अंगात नसते, ती शिवणाऱ्याच्या डोक्यात असते. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. पण वरच्या पायरीवरच्या माणसाने ते स्वतःच्या हाताकडे बघून ओळखले, हे विशेष. मग ते काळ्या वस्तीत रात्रीच्या वर्गाला शिकवू लागले.

१९३५ पासून त्यांनी जोहान्सबर्गला वकिली केली. १९३७ साली मॉली क्रीगे यांच्याशी लग्न झाले. दोघेही कम्युनिस्ट पक्षात काम करू लागले. त्यांच्या घरी पोहण्याचा तलाव होता. त्यात गोरी-काळी मुले एकत्र उतरत. त्या देशात ही लहान बाब नव्हती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांना पाण्याचा अर्थ कळतो.

१९४८ साली वर्णभेदी सरकार आले आणि कायद्यांवर कायदे झाले. १९५६ साली १५६ जणांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यात बचावाच्या वकिलांमध्ये फिशर होते. १९६१ साली शेवटचे आरोपीही निर्दोष सुटले. तेव्हा सरकारने कायदाच बदलला. १९६३ पासून पोलिसांना कुणालाही ९० दिवस कोर्टापुढे न नेता, वकिलाला भेटू न देता डांबता येऊ लागले.

त्याच वर्षी रिव्होनियाच्या शेतघरावर धाड पडली आणि मंडेला व साथीदारांवर खटला उभा राहिला. आरोपींत गुजराती घराण्यातले अहमद कथ्राडा हेही होते. फाशी अटळ वाटत होती. बचावाचे नेतृत्व फिशर यांनी केले. गंमत बघा, ते स्वतः त्या शेतघरात जात-येत असत, आणि जप्त कागदांत त्यांच्या हस्ताक्षराचेही कागद होते! म्हणजे आपली मान धोक्यात घालून ते दुसऱ्यांच्या माना वाचवत होते. छापामार युद्धाचा आराखडा पक्का झालेलाच नव्हता, हा मुद्दा बचाव पक्षाने लावून धरला. १२ जून १९६४ रोजी आठ जणांना शिक्षा झाली ती जन्मठेपेची. फाशी टळली.

दुसऱ्याच दिवशी मुलीच्या वाढदिवसाला केपटाऊनकडे जाताना त्यांची मोटार पाण्यात पडली आणि मॉलीबाई बुडून गेल्या. थोड्याच दिवसांत फिशर अपिलाचे विचारायला रॉबेन बेटावर गेले. मंडेलांनी मॉलीबाईंची चौकशी केली, तर यांनी तोंड फिरवले. अशिलाच्या डोक्यावर आपल्या दुःखाचे ओझे नको! खरे कळल्यावर मंडेलांनी सांत्वनाचे पत्र लिहिले, पण तुरुंगवाल्यांनी ते पाठवलेच नाही.

आता सरकारने त्यांच्याकडेच मोर्चा वळवला. सप्टेंबर १९६४ मध्ये बंदी घातलेल्या पक्षाचे सभासद म्हणून त्यांना अटक झाली. जामिनावर असताना एका दाव्यासाठी त्यांना लंडनला जाऊ दिले. मित्र म्हणाले, परत जाऊ नका. ते शब्दाला जागून परत आले. पण जानेवारी १९६५ मध्ये ते भूमिगत झाले. वकिलाने कोर्टाला दिलेला शब्द मोडणे ही साधी गोष्ट नव्हे, हे ते जाणून होते. अन्यायाच्या कायद्यापुढे मान तुकवणे हे त्याहून मोठे पाप, असे त्यांनी कोर्टाला पत्राने कळवले. ज्या बार कौन्सिलवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, तिनेच त्यांची सनद काढण्यासाठी अर्ज केला. सनद गेली. हा घाव त्यांना फार लागला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये ते पकडले गेले. ९ मे १९६६ रोजी जन्मठेप झाली. तुरुंगही रंगाप्रमाणे वाटलेले. म्हणून त्यांना प्रिटोरियाला ठेवले. १९७१ साली मुलगा पॉल वारला, त्याच्या अंत्ययात्रेला सोडले नाही. १९७४ साली कॅन्सर झालेला असताना ते पडले, मांडीचे हाड मोडले. पण वेळेवर उपचार नाहीत. ज्यांना त्यांनी फाशीतून सोडवले, त्या डेनिस गोल्डबर्ग यांनीच कोठडीत त्यांची सेवा केली. शेवटी भावाच्या घरी हलवले, तेही त्या घराला तुरुंग ठरवून. ८ मे १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीनंतर तुरुंग खात्याने त्यांची राखसुद्धा परत नेली. मेलेल्या वकिलाचीही सरकारला केवढी ही धास्ती!

पुढे काळ फिरला. १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. २००३ साली फिशर यांची सनद मरणोत्तर परत देण्यात आली. २०१२ साली त्यांच्या जन्मगावच्या विमानतळाला त्यांचे नाव दिले गेले. मंडेला सांगत, की आपण आपल्याच लोकांसाठी लढलो. ब्रॅम मात्र दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी आपल्याच लोकांविरुद्ध लढले.

फिशर यांचा राजकीय मार्ग आणि बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला मार्ग वेगळा, हे खरे. पण आज आपल्या वस्तीतही मुले-मुली एलएल.बी. करून काळा कोट घालत आहेत. त्यांना एवढेच सांगणे : सनद बार कौन्सिल देते आणि बार कौन्सिल काढूनही घेते. पण भीतीने सगळे गप्प असताना दुसऱ्यासाठी उभे राहण्याची जी सनद माणूस स्वतःला देतो, ती कुठल्याही सरकारला काढता येत नाही.

ॲड. ब्रॅम फिशर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!